काट्याला ऊद

मला कोणी अक्कल शिकवलेली खपत नसे. आता खपवून घेतो, कारण शिकवणारे घरचेच आहेत आणि त्यांच्याच हातचं जेवायचं असतं. पण साठ सालानंतरची जी दोन-तीन वर्षं होती, त्यांत मी महाड-पोलादपूरच्या टापूत वायरमन म्हणून जरा नावारूपाला येत होतो आणि अंगात भलती मस्ती होती. पोलादपूरहून सकाळच्या एस.टी.ने महाडला यायचं, लॉऱ्यांच्या बॅटऱ्या नाहीतर हॉर्न दुरुस्त करायचे, कुणाच्या घरी लाकडी पट्टीवर वायर ठोकायची आणि दुपारच्या गाडीने परत. पिशवीत पक्कड, टेस्टर आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक असे. पुस्तक वाचण्यापेक्षा लोकांना दिसावं म्हणून जास्त.

सावित्रीच्या काठी एक भाताची गिरणी होती. उकडा तांदूळ व्हायचा तिथे. भात वाफवायला बॉयलर, त्याच वाफेवर इंजिन, इंजिनावर डायनामो. मालकांना सगळे शेठ म्हणत. शिकलेला माणूस, बोलणं पुण्याच्या वळणाचं, स्वभावाने वाईट मुळीच नाही, पण एक खोड होती. गादीवर एकदा बसले की उठायचं नाही. गादी ऑफिसात आणि बॉयलर समोरच्या शेडमध्ये, मध्ये भात वाळवायचं खळं, दीडशे फुटांचं. ते दीडशे फूट ओलांडायला शेठना मुहूर्त लागे.

असा माणूस मुंबईला गेला आणि एका बंद पडलेल्या कापडगिरणीच्या लिलावातून नेमकं त्याला हवं ते यंत्र घेऊन आला. चिमणीतला धूर तपासून आग नीट जळतेय की नाही ते सांगणारं, आणि तेही लांबून. बॉयलरपाशी एक लोखंडी पेटी बसवायची आणि काटा ऑफिसातल्या भिंतीवर. शेठनी मला बोलावलं आणि गादीवरूनच यंत्राकडे बोट दाखवलं.

"जमेल का रे तुला?"

"न जमायला काय झालं," मी म्हणालो. तसलं यंत्र मी जन्मात पाहिलं नव्हतं.

यंत्राबरोबर आलेलं माहितीचं बाड घरी नेलं आणि चार दिवस डिक्शनरी घेऊन बसलो. बायको म्हणाली, एवढा अभ्यास शाळेत केला असतात तर मास्तर झाला असतात. पण कळलं एकदाचं. पेटीत बारीक तारा तापलेल्या असतात. त्यांच्यावरून साधी हवा गेली की त्या एका मापाने थंड होतात, कार्बन डायऑक्साइड मिसळलेला धूर गेला की दुसऱ्या मापाने, आणि तेवढ्या फरकाने लांबवरचा काटा हलतो. शंभर भाग धुरात तो वायू बारा भाग निघाला की आग झकास. कमी निघाला की समजायचं, भट्टीत गरजेपेक्षा जास्त हवा घुसतेय आणि लाकडाची ऊब फुकट चिमणीवाटे जातेय.

पण काट्याला अधूनमधून ठिकाणावर आणावं लागतं, तराजू रिकामा असताना पारडी सारखी करतात तसं. त्यासाठी धुराची नळी बंद करून पेटीला साधी स्वच्छ हवा पाजायची आणि काटा शून्यावर आणायचा. शेठ काही त्यासाठी शेडमध्ये जाणार नव्हते. मग मी पेटीच्या तोटीला एक विजेचा चुंबक जोडला. ऑफिसात बटण दाबलं की शेडमध्ये तोटी खट्‌कन फिरायची, धूर बंद आणि हवा सुरू. हिरवा दिवा म्हणजे पेटी धूर ओढतेय, लाल म्हणजे हवा. बटणाशेजारी एक खुंटी, ती फिरवून काटा शून्यावर आणायचा. चिनी मातीच्या कपांवरून पाच तारा खळ्यावरून ओढल्या. लांबीमुळे काटा थोडा कमी दाखवायचा, तर तारेचं एक छोटं वेटोळं मध्ये घालून तोही फरक काढला. दुसरा कोणी हे करू शकला असता का, असं मी स्वतःलाच विचारत होतो आणि स्वतःच नाही म्हणत होतो.

बॉयलरवर एक म्हातारे आगवाले होते. जन्म बोटीवर गेलेला, इंजिनघरात कोळसा ओढत सगळी बंदरं पाहिलेली. बोटीची नोकरी सुटली तेव्हा महाडला परत आले आणि गिरणी सुरू झाल्यापासून ह्याच बॉयलरवर होते. नदीपलीकडच्या मोहल्ल्यात घर. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही. ते चिमणीकडे बघून आग ओळखत. धूर दिसेनासा झाला की हवा जास्त, काळा आला की हवा कमी, आणि पातळ राखाडी, पलीकडचा डोंगर दिसेल असा आला की बरोबर. एवढंच त्यांचं शास्त्र.

पेटी बसवताना त्यांनी माझ्याकडे बघत विचारलं, "शेठ आता तिथं बसून माझ्या चिमणीचा वास घेणार काय रे?"

"वास नाही चाचा, माप."

"बरा हाय. नाक मोठा झाला शेठचा."

आता माझ्या चुकीकडे येतो. टाळत होतो जरा.

साधी हवा आत घ्यायला जी नळी होती, तिचं तोंड स्वच्छ जागी हवं होतं. भाताच्या गिरणीत स्वच्छ जागा म्हणजे वाळवंटात विहीर. जिथे बघावं तिथे कोंडा. खिडकीवर कोंडा, तुळईवर कोंडा, चाचांच्या भुवयांवर कोंडा. आणि एवढ्या कोंड्याच्या राज्यात पेटीजवळच्या भिंतीत एक कोनाडा मात्र लख्ख, चुना लावलेला, रोज पुसल्यासारखा. तळाशी काळपट गोल डाग, एवढाच दोष. हा एकच कोनाडा असा स्वच्छ का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी खूश झालो आणि नळीचं तोंड कोनाड्यात वरच्या बाजूला ठोकून टाकलं.

चाचा म्हणाले, "बाळा, तेवढा कोनाडा सोड."

झालं. मला अक्कल शिकवली. मी गर्रकन वळलो. "चाचा, वायरिंग तुम्ही करणार का मी?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू कर," आणि भट्टीत लाकूड टाकायला गेले. पुन्हा त्या कोनाड्याचं नाव त्यांनी काढलं नाही.

यंत्र सोमवारी सुरू झालं. काटा सरळ बारावर. शेठ गादीवर बसल्या बसल्या इतके खूश झाले की मला दोनदा चहा पाजला. नवीन बंगला बांधतोय, त्याची सगळी वायरिंग तुझीच, असंही म्हणाले. मंगळवारी बारा, बुधवारी बारा. मी जाताना एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं की काटा आठवड्यातून एकदा शून्यावर आणावा. शेठनी त्यासाठी गुरुवार धरला. गुरुवारी त्यांचा उपास असे. दिवेलागणीला ऑफिसातल्या तसबिरीला हार-उदबत्ती व्हायची, आणि देवाचं झालं की लगेच काट्याचं. बटण दाबायचं, लाल दिवा लागला की खुंटी फिरवायची. मोठ्या भक्तीने करायचे ते.

शुक्रवारी काटा दहावर. पुढच्या शुक्रवारी नऊवर. महिन्याभरात आठवर आला आणि तिथून हलेना.

शेठनी मला बोलावलं. मी सकाळच्या गाडीने गेलो, तारा तपासल्या, बॅटरी तपासली, चुंबक तपासला. सगळं ठणठणीत. नसायला काय झालं, काम माझं होतं.

"यंत्रात दोष नाही," मी म्हणालो.

"म्हणजे दोष माणसात," शेठ म्हणाले. "पहिले तीन दिवस म्हातारा धाकाने नीट वागला. मग सुस्तावला. दारं सताड उघडी टाकून बसत असेल."

मी मान डोलावली. आज ती मान आठवली की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते, पण त्या दिवशी ती अगदी सहज डोलली.

निरोप गेला, भट्टीची हवा कमी करा. चाचांनी केली. तासाभरात चिमणीतून काळा लोट निघाला आणि खळ्यावर वाळत घातलेल्या भातावर काजळी पडली. पायाने भात फिरवणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. त्यांतली एक म्हणाली, "अगो, तांदूळ उकडा करतायत का भाजका?" चाचांनी हवेची झडप पुन्हा उघडली. ऑफिसात काटा पुन्हा आठवर. शेठना वाटलं, म्हातारा हट्टाला पेटलाय.

त्यांनी मला सांगितलं ते असं. "शिमग्यापर्यंत बघतो. तोवर काटा बारावर आला नाही तर म्हाताऱ्याला घरी बसवतो. मुंबईहून सर्टिफिकेटवाला माणूस आणतो. तूच सांग त्याला, तुझं ऐकेल."

मी खळं ओलांडून गेलो आणि सांगितलं. चाचा लाकडाच्या ओंडक्यावर बसले होते. ऐकून हसले.

"घरी बसवतो? घरी मला कोण बसू देतो? बायको म्हणते, तू बोटीवर होतास तेव्हा बरा होतास." मग हसू ओसरलं. "बाळा, हात बघ माझे. ह्यांना दुसरा काय येतो? ही आग गेली तर मी नुसता म्हातारा. आणि आग बरोबर हाय रे. तो काटा माझ्यावर का रुसलाय, मला समजत नाय."

"काटा रुसत नाही, चाचा. तुम्ही लक्ष द्या जरा," मी म्हणालो आणि दुपारची गाडी गाठली. गाडीत बसल्यावर मात्र ते हात डोळ्यांपुढून जाईनात. पण माझं काम चुकलं असेल, हे काही मनात आलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, त्यात चोराने दोरही वळून दिला होता.

शिमग्याला दोन आठवडे राहिले असताना लाल दिव्याचा बल्ब गेला म्हणून बोलावणं आलं. त्या दिवशी एक लॉरी रस्त्यात बंद पडली होती, तिच्या पोटाखाली माझी दुपार गेली. गिरणीत पोचलो तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. गुरुवार होता. शेठच्या ऑफिसात उदबत्तीचा वास, शेठ तसबिरीपुढे हात जोडून. दोन मिनिटांत बल्ब बसवला आणि शेठची पूजा आटपेपर्यंत पेटीवर एक नजर टाकावी म्हणून खळं ओलांडून शेडकडे निघालो.

दाराशीच उदाचा वास नाकात शिरला. आत बघतो तर चाचा हातपाय धुऊन, डोक्यावर स्वच्छ टोपी घालून उभे. हातात मातीची ऊददाणी, तिच्यात भट्टीतलेच रसरशीत निखारे. तिच्यात ऊद टाकून त्यांनी ती बॉयलरला फिरवली, पाण्याच्या पंपाला फिरवली, लाकडाच्या ढिगाला फिरवली. मग कोनाड्यापाशी आले आणि काळपट गोल डागावर ती अलगद ठेवली. माझ्या नळीच्या तोंडाखाली, वीतभर अंतरावर. वरून आणखी दोन निखारे आणि आणखी ऊद.

तेवढ्यात पेटीची तोटी खट्‌कन वाजली. पलीकडे शेठनी बटण दाबलं होतं. आणि त्या निखाऱ्यांवरची हवा, म्हणजे तोच वायू भरलेली हवा, स्वच्छ हवा म्हणून माझी नळी ओढायला लागली. लांब ऑफिसात शेठ मोठ्या भक्तीने खुंटी फिरवून तिला शून्य म्हणत असणार.

सगळा हिशेब एका क्षणात डोक्यात आला. चार भाग वायू असलेल्या हवेला शून्य म्हटलं की बारा भागांचा धूर आठच दाखवणार. पुढच्या गुरुवारपर्यंत.

"चाचा, हे इथे का ठेवता?" मी विचारलं.

"इथंच ठेवतो. दर जुमेरातीला. गिरणी चालू झाली तवापासून." ते अगदी शांतपणे म्हणाले. जुमेरात म्हणजे गुरुवारच. "पैला थोडाच वेळ ठेवायचो. पण हा नवीन पावणा माझ्यावर रागावलाय ना. म्हणून त्याला निखारे जास्त घालतो. राग गेला तर गेला."

रागावलेल्या यंत्राला शांत करण्यासाठी हा माणूस दर आठवड्याला निखारे वाढवत होता, आणि दर निखाऱ्यागणिक यंत्र त्याच्याविरुद्ध साक्ष देत होतं. मला हसूही आलं आणि स्वतःची लाजही वाटली. "तेवढा कोनाडा सोड," एवढंच तर सांगत होते ते. मी तेवढंही ऐकून घेतलं नव्हतं.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. ते पेटीकडे, मग कोनाड्याकडे बघत राहिले. मी स्टूल घेतलं, नळी कोनाड्यातून उपटली, खिडकीच्या गजातून बाहेर नदीच्या बाजूला काढली आणि तोंडाला फडक्याची गाळणी बांधली. दहा मिनिटांचं काम. मग ऑफिसात जाऊन शेठना म्हणालो, पुन्हा एकदा दाबा बटण. त्यांनी दाबलं, खुंटी फिरवली, सोडलं. हिरवा दिवा लागला आणि काटा चढत चढत बारावर जाऊन उभा राहिला.

शेठनी मांडीवर थाप मारली. "बघितलंस? धाक लागतो माणसाला धाक. शिमगा जवळ आला तसा म्हातारा कसा सरळ आला."

इथे मी बोलायला हवं होतं. नाही बोललो. नव्या बंगल्याची वायरिंग डोळ्यांपुढे दिसत होती, आणि ज्याने यंत्र बसवलं त्यानेच चूक केली हे कबूल करायला जीभ रेटेना. म्हातारा कामावर राहिला ना, मग आणखी काय हवं, असं मनाला समजावलं. चहा आला, तो प्यायलो. चहा गोड लागला नाही.

पिशवी शेडमध्ये राहिली होती म्हणून परत गेलो. चाचा दारातच उभे होते.

"काय म्हणाला शेठ?"

"काटा बारावर आला. तुमचं काम राहिलं, चाचा. काळजी सोडा."

"तां नाय विचारला मी." त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. "काटा चुकला होता असा सांगितलास ना त्याला?"

मी पिशवीचे बंद बांधायला लागलो. ते आधीच बांधलेले होते.

"नाय सांगितलास," चाचा म्हणाले. रागाने नाही. मी कोनाड्यावरून त्यांच्या अंगावर ओरडलो होतो तेव्हा जसे बघत राहिले होते, तसेच बघत राहिले.

ते दीडशे फूट माझ्या आयुष्यात मी चाललेले सगळ्यात लांब दीडशे फूट. ऑफिसात गेलो आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. चाचांची आग पहिल्या दिवसापासून बारावरच होती. नळी मी चुकीच्या जागी बसवली. त्यांनी नको म्हटलं होतं, मी ऐकलं नाही.

शेठनी भिंतीवरच्या काट्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आणि शून्य लावत कोण होतं?"

"तुम्ही."

"मी," शेठ म्हणाले. आणि गादीवरून उठले.

चपला घालून ते खळ्यावरून चालत गेले, वाळलेल्या भाताच्या कडेकडेने, धोतर सावरत. मी मागे. शेडच्या दाराशी चाचा होते. माफी वगैरे शब्द काही निघाले नाहीत. त्या काळात मालकाच्या तोंडून ते निघत नसत. शेठ घसा खाकरून म्हणाले, "चाचा, धूर कसा काय आहे आज?"

"वर बघा ना," चाचा म्हणाले.

पश्चिमेला अजून शेवटचा थोडा उजेड होता. आम्ही तिघंही मान वर करून उभे राहिलो. पातळ राखाडी धूर, पलीकडचा डोंगर त्यातून स्पष्ट दिसत होता. शेठनी गिरणी घातल्यापासून स्वतःची चिमणी बहुतेक त्या दिवशीच पाहिली असावी, कारण ते खूप वेळ बघत होते.

बंगल्याची वायरिंग मलाच मिळाली. मात्र शेठनी अट घातली की एकही खिळा ठोकण्याआधी घरातल्या माणसांना विचारायचं. अट मुकाट्याने पाळली.

पुढच्या गुरुवारी मी मुद्दाम दिवेलागणीपर्यंत थांबलो. शेठची पूजा आटपली, हात बटणाकडे गेला आणि तेवढ्यात दारात उदाचा वास आला. चाचा होते. डोक्यावर स्वच्छ टोपी, हातात ऊददाणी. बॉयलर सोडून ऑफिसात आलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. कोणाला न विचारता ते आत आले, भिंतीवरच्या काट्याला त्यांनी ऊद फिरवला, मग शेठच्या गादीला फिरवला. शेठनी बटणाकडे गेलेला हात मागे घेतला.

"काटा इथं राहतो, तर ऊद पण इथं आणला," चाचा म्हणाले. मग माझ्याकडे वळले आणि ऊददाणी माझ्या नाकासमोर धरली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"वास घेऊन ठेव, बाळा," ते म्हणाले. "एक दिवस संध्याकाळी येऊन बसला असतास माझ्याजवळ, तर तवाच आला असता."